इंडिपेंडंट डायरेक्टर साहेब, आमच्या बिलाचं तेवढं विचाराल का?

प्रति,
लिस्टेड कंपन्यांचे समस्त स्वतंत्र संचालक, ऑडिट कमिटीवाले आणि सीएसआर (म्हणजे कंपनीचं समाजकार्य) कमिटीवाले दोन्ही

सर, मॅडम, नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही, ओळखायचं काही कारणही नाही. भोसरी एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी, आणि वडिलांच्या वेळची एक लेथ, जी आता फारशी चालत नाही पण विकवत नाही म्हणून कोपऱ्यात उभी आहे. मला धरून दहा माणसं. बुश, स्पेसर, पिना असले बारीकसारीक पार्ट बनवतो, ते गाडीत कुठंतरी आत बसतात, गाडी घेणाऱ्याला आयुष्यभर दिसत नाहीत. माझा सगळ्यात मोठा कस्टमर एक लिस्टेड कंपनी आहे. नाव लिहीत नाही, लिहिलं तर पुढच्या महिन्याच्या ऑर्डरचं शेड्यूल शून्य येईल, आणि खरं सांगायचं तर नावाची गरजही नाही, टेल्को रोडला कुठल्याही टपरीवर चहाला उभे राहा, शेजारचा माणूस वेगळ्या कंपनीचं नाव घेऊन हीच स्टोरी सांगेल.

यंदा १५ ऑगस्टला आमच्या एका ऑपरेटरची मुलगी, तिसरीतली, महापालिकेच्या शाळेतून झेंडावंदन करून आली ती नवीन दप्तर घेऊन. निळं, छान, वर कंपनीचा लोगो. त्याच कंपनीचा. शाळेत कार्यक्रम होता, कंपनीचे लोक आले होते, बॅनर, हार, फोटोग्राफर, प्रत्येक पोराला दप्तर, सहा वह्या आणि कंपासपेटी. ऑपरेटरने मोबाइलवर फोटो दाखवला, खूश होता बिचारा. आणि त्याच महिन्यात मी त्याला पगार दोन तुकड्यांत दिला होता, अर्धा सात तारखेला आणि अर्धा एकवीसला, कारण त्याच कंपनीकडे माझं एप्रिलचं बिल अजून अडकलेलं. हे त्याला माहीत होतं. तो काही बोलला नाही. मी "मस्त आहे रे दप्तर" म्हणालो आणि मशीनकडे वळलो.

दप्तराचा मला राग नाही हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर म्हणाल हा माणूस समाजकार्याच्या विरोधात आहे. मुलगी ते रोज नेते. दोन महिन्यांत चेन गेली, ती मीच बदलून आणली, असो. माझा प्रश्न वेगळाय. दप्तराचा खर्च बोर्डासमोर जातो, त्याला कमिटी आहे, त्याचा रिपोर्ट वार्षिक अहवालात छापून येतो, फोटोसकट. माझं बिल कुठल्या कमिटीसमोर जातं?

हे पत्र लिहायच्या आधी मी कायदा थोडा वाचला, सीए मित्राला त्रास देऊन. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५, लागू १ एप्रिल २०१४ पासून. ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी किंवा टर्नओव्हर १,००० कोटी किंवा नफा ५ कोटीच्या वर, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. खर्च झाला नाही तर पूर्वी नुसतं कारण लिहून भागायचं, जानेवारी २०२१ पासून तसं नाही, चालू प्रोजेक्टचे पैसे वेगळ्या खात्यात टाकायचे, बाकीचे सरकारी फंडात, नाहीतर दंड. मोठी रक्कम असेल तर त्याचा काय परिणाम झाला हेही बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यायचं. दप्तर दिलं तर पोरगी शाळेत टिकली का, असं. छान आहे, माझी काही तक्रार नाही. आणि त्याच नियमात असंही आहे की कंपनीच्या रोजच्या धंद्याचा भाग असलेलं काम सीएसआर म्हणून धरायचं नाही. बरोबरच आहे, उद्या एखादा म्हणेल मी पगार देतो हाच माझा सीएसआर.

पण मग आमचं बिल वेळेवर देणं हे झालं रोजच्या धंद्याचं काम, म्हणजे सीएसआर कमिटीचा विषय नाही. पर्चेसला विचारा, तो म्हणतो फायनान्सकडे आहे. फायनान्स म्हणतो जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, पेंडिंग, स्टोअरला विचारा. स्टोअर म्हणतो क्वालिटीने क्लिअर केलं नाही. क्वालिटीवाला म्हणतो अहो तुमचे पार्ट तर मागच्या महिन्यातच लाइनवर लागले! खरंय, लागले, गाड्या तयार होऊन विकल्याही गेल्या असतील, कंपनीचे पैसे आले पण असतील, फक्त माझ्या मालाचा जीआरएन सिस्टिममध्ये अजून उघडा आहे, आणि जीआरएन झाला नाही म्हणजे माल "स्वीकारला" नाही, आणि माल स्वीकारला नाही म्हणजे दिवस मोजायला सुरुवातच नाही. ही युक्ती कुणाच्या डोक्यातून निघाली माहीत नाही, पण माणूस हुशार असणार. कायद्यात याला उत्तर आहे बरं का, माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल पोचला तोच दिवस स्वीकारल्याचा धरायचा. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्यात हे स्पष्ट लिहिलंय. आमच्या पोर्टलवर मात्र असं कुठलं बटण नाही.

त्याच कायद्याचं कलम १५ म्हणतं की सूक्ष्म आणि लघु उद्योगाला पैसे ठरलेल्या तारखेला द्यायचे, आणि ठरवून ठरवून सुद्धा ४५ दिवसांच्या पुढे ठरवता येत नाही. काही लिहून ठरलंच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर कलम १६, व्याज, ते पण रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट आणि दर महिन्याला चक्रवाढ. वाचताना वाटतं अरे वा, काय कडक कायदा आहे, आपण तर श्रीमंत झालो. प्रत्यक्षात वर्षाअखेरीला कंपनीकडून बॅलन्स कन्फर्मेशनचं, म्हणजे कुणाचं किती येणं बाकी ते मान्य करायचं, पत्र येतं, त्यात बारीक अक्षरात एक ओळ असते की आमचं कुठलंही व्याज येणं नाही, आणि मी त्यावर सही करून शिक्का मारून पाठवतो. का? पुढचं शेड्यूल पाहिजे म्हणून. मग तुमच्या ताळेबंदात एमएसएमईच्या नोटमध्ये व्याजापुढे छोटीशी आडवी रेघ छापली जाते, निरंक. ती रेघ माझ्या सहीने आलेली असते, ती वाचताना एवढं लक्षात ठेवा.

आता जरा हिशोब. तुम्ही लोक आकड्यातले आहात, त्यामुळे कंटाळा येणार नाही.

माझं एक बिल समजा १० लाखाचं. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११ लाख ८० हजार. हे १ लाख ८० हजार मला पुढच्या महिन्याच्या २० तारखेला सरकारला भरायचे असतात, कंपनीने मला दिले असोत नसोत. कंपनी मात्र त्याचं क्रेडिट घेऊन, म्हणजे आपल्या टॅक्समधून तेवढे वजा करून, मोकळी होते, १८० दिवसांत मला पैसे दिले नाहीत तरच तिला ते उलटवावं लागतं. त्यामुळे १८० दिवस ही तारीख त्यांच्या सिस्टिममध्ये चांगली लक्षात असते, ४५ ची नसते. बरं, ४५ दिवसांच्या वर समजा ७५ दिवस गेले, जे आमच्याकडे नॉर्मल आहे. माझं कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी बँकेची उधारी, ११ टक्क्यांनी. ११ लाख ८० हजारावर ७५ दिवसांचं व्याज होतं २६ हजार सहाशेच्या वर. आणि त्या १० लाखात लोखंड, टूल, इन्सर्ट, लाइटबिल, पगार, भाडं सगळं जाऊन मला सुटतात साधारण ६० हजार. म्हणजे निम्म्याला थोडी कमी अशी माझी कमाई बँकेत गेली, आणि ती कशासाठी, तर माझ्यापेक्षा कितीतरी पट मोठ्या कंपनीला बिनव्याजी उधार देण्यासाठी.

एवढ्यावर थांबत नाही. बँक कॅश क्रेडिटचं ड्रॉइंग पॉवर, म्हणजे मला किती उचलू द्यायचे ते, काढताना ९० दिवसांच्या वरची येणी धरतच नाही. म्हणजे बिल जितकं जुनं होतं तितकी माझी लिमिट आखडते, ज्या महिन्यात मला पैशाची सगळ्यात जास्त गरज त्याच महिन्यात बँकेचा मॅनेजर फोन करून म्हणतो साहेब स्टॉक स्टेटमेंट बघितलं, जरा खातं लाइनीत आणा. मागच्या दिवाळीला बोनस द्यायला मी भिशीचा नंबर तीन महिने आधी उचलला, त्यात जे सोडावं लागलं ते सोडलं. खंडेनवमीला मशीनची पूजा केली, झेंडूचे हार घातले, पेढे वाटले, आणि डोक्यात एकच, बोनसचं काय करायचं. पोरं तोंडाकडे बघत असतात हो. त्यांना नोट नंबर अमुक आणि वर्किंग कॅपिटल कसं समजावणार.

आता तुमच्या बाजूचा हिशोब, तोही कल्पनेतलाच पण आकडे बदलून तुम्ही तुमच्या कंपनीचा काढू शकता. समजा कंपनीचा सरासरी नफा २०० कोटी. सीएसआर झाला ४ कोटी. हीच कंपनी समजा वर्षाला ३०० कोटीचा माल आमच्यासारख्या छोट्या वेंडरकडून घेते आणि सरासरी ६० दिवस जास्त थांबवते. म्हणजे कुठल्याही दिवशी आमचे साधारण ४९ कोटी तिच्याकडे पडून. १० टक्क्यांनी धरलं तरी वर्षाचं व्याज ४ कोटी ९० लाखाच्या आसपास. दप्तरं, वह्या, कंपासपेट्या, वृक्षारोपण, आरोग्य शिबिर सगळं ४ कोटीत झालं आणि वर ९० लाख उरले. याला आमच्याकडे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात. दान कंपनीचं, फोटो कंपनीचा, आणि मिठाई भोसरीची.

हे तुम्हाला दिसत नाही यात तुमची सगळीच चूक आहे असं मी म्हणणार नाही, कारण दाखवणारे कागद तसेच बनलेत. ताळेबंदात देणी किती जुनी आहेत याचा तक्ता द्यायचा नियम २०२१ मध्ये आला, मला फार आनंद झाला होता, आता कळेल म्हटलं. बघितलं तर रकाने असे: देय तारखेनंतर १ वर्षाच्या आत, १ ते २ वर्षं, २ ते ३, आणि ३ च्या वर. अहो आमचा जीव ज्यात जातो ते सगळं पहिल्याच रकान्यात! ४६ वा दिवस आणि ३०० वा दिवस एकाच गोणीत. एमएसएमईची देणी १ वर्षाच्या आत अमुक कोटी, पुढचे रकाने कोरे, वाचणाऱ्याला वाटतं किती शिस्तीची कंपनी.

मग आलं इन्कम टॅक्स कायद्यातलं ४३बी चं नवीन कलम, एच. १ एप्रिल २०२४ पासून, पण २०२३-२४ च्या खर्चालाही लागू. ठरलेल्या मुदतीत छोट्या उद्योगाला पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी टॅक्ससाठी धरणार नाही, देतील त्या वर्षी धरणार. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात तसं झालं, २०२४ च्या मार्चमध्ये माझ्या मोबाइलवर बँकेचे जे मेसेज आले तसे मी वीस वर्षांत बघितले नव्हते, एका आठवड्यात तीन बिलं. बायको म्हणाली लॉटरी लागली का. आणि एप्रिल उजाडला, परत येरे माझ्या मागल्या. कारण कलमाची मेख अशी की वर्षाच्या मध्ये कितीही उशीर करा, मार्च संपायच्या आत भरलंत की त्या वर्षाचा टॅक्सचा फायदा जातोय कुठे? त्यामुळे एप्रिल ते डिसेंबर आमचा उन्हाळा आणि मार्चमध्ये पाऊस. शिवाय आमच्या ग्रुपवर दोघांनी सांगितलं की पर्चेसवाल्याने त्यांना गोड बोलून विचारलं, तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन ठेवायलाच पाहिजे का हो? (छोटा उद्योग म्हणून आमची सरकारी नोंदणी ती हीच.) म्हणजे रोग गेला नाही तरी चालेल, पेशंटने आपलं नाव रजिस्टरमधून काढावं.

ट्रेड्सचं पण तसंच. ट्रेड्स म्हणजे बिल ऑनलाइन टाकायचं, कंपनीने मान्य करायचं, बँका बोली लावतात, दोन दिवसांत पैसे खात्यात. कल्पना झकास आहे. २५० कोटीच्या वर टर्नओव्हर असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत त्यावर यायला सांगितलं होतं. आल्या. येणं म्हणजे रजिस्टर होणं, बिल मान्य करणं वेगळं. आणि जिथं मान्य करतात तिथं बँकेचं व्याज कुणी भरायचं, तर बऱ्याचदा आम्हीच. माझेच पैसे मला वेळेवर मिळावेत म्हणून मीच व्याज भरायचं, हे गणित मला अजून जमलेलं नाही, तुमच्यातल्या कुणी आयआयएमला शिकवत असेल तर समजावून सांगा.

आमची बाजू सगळी धुतल्या तांदळाची आहे असं अजिबात नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्याच हातून ४०० बुशचा लॉट ओव्हरसाइज गेला, माप तपासायचं गेज घासलं होतं ते लक्षात आलं नाही, कंपनीची लाइन पाऊण तास थांबली, डेबिट नोट आली ती मी गुपचूप घेतली. चूक ती चूक. आणि पर्चेसचा जो पोरगा आम्हाला टोलवतो तो पण व्हिलन नाही, त्याच्या वर्षाच्या टार्गेटमध्येच लिहिलेलं असतं की देण्याचे दिवस वाढवा, वाढवले की रेटिंग चांगलं, रेटिंग चांगलं की इन्क्रिमेंट. रिझल्टनंतरच्या कॉलवर ॲनालिस्ट लोक विचारतात वर्किंग कॅपिटल इतकं सुधारलं कसं, तर सीएफओ म्हणतात शिस्त. कॉलचा मजकूर नेटवर असतो, मी वाचलाय. मला वाटलं होतं आपल्या कष्टाला निदान बरं नाव तरी देतील.

म्हणून हे पत्र तुम्हाला, मॅनेजमेंटला नाही. मॅनेजमेंटला यात फायदा आहे, त्यांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तुम्हाला पगार नाही, टार्गेट नाही, सिटिंग फी आहे ती जास्तीत जास्त मीटिंगमागे १ लाख. तुम्हाला कायद्याने बोर्डावर बसवलंय ते ज्याचा कुणी वाली नाही त्याच्यासाठी. कलम १६६ मध्ये संचालकाचं कर्तव्य लिहिलंय, नुसतं शेअरहोल्डरचं हित नाही, कंपनी, तिचे कर्मचारी, समाज आणि पर्यावरण सगळ्यांचं. समाजात आम्ही पण येत असू असं मी धरून चाललोय.

मी शेअरहोल्डर म्हणून पण प्रयत्न करून बघितला. दहा शेअर घेतले, मुद्दाम, एजीएममध्ये, म्हणजे शेअरहोल्डरच्या वार्षिक सभेत, बोलता यावं म्हणून. वडील सांगायचे पूर्वी मुंबईला हॉलमध्ये एजीएम असायच्या, निम्मे लोक खोक्यातल्या वेफर्स आणि बटाटेवड्यासाठी यायचे आणि उरलेले चेअरमनना हार घालायला. २०१५ पासून भेटवस्तू बंद झाल्या आणि आता तर सगळं व्हिडिओवर. स्पीकर म्हणून आधी नाव नोंदवलं, माझा नंबर सतरावा. माझ्या आधीच्या सोळांपैकी अकरा जणांनी सेक्रेटरियल डिपार्टमेंटचे आभार मानले, दोघांनी चेअरमनच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना केली, एकाने फॅक्टरी व्हिजिट मागितली, एकाने बोनस शेअर. एका काकूंनी मात्र ऑडिटरच्या फीबद्दल इतका नेमका प्रश्न विचारला की मी घरी टाळ्या वाजवल्या. मला दोन मिनिटं मिळाली. मी विचारलं, ४५ दिवसांच्या वर थकलेली छोट्या वेंडरची रक्कम किती, आणि जीआरएन न झालेला माल किती. उत्तर आलं, आपल्या प्रश्नाबद्दल धन्यवाद, आम्ही सर्व कायद्यांचं पालन करतो, सविस्तर उत्तर ईमेलवर पाठवू. ईमेलची वाट बघतोय, ती पण बिलासारखीच. तुम्ही सगळे स्क्रीनवर होतात, छोट्या छोट्या चौकोनांत. एका मॅडमनी माझं बोलणं चालू असताना काहीतरी लिहून घेतलं असं मला वाटलं, कदाचित वेगळंच काही असेल, पण त्या एका गोष्टीवर हे पत्र लिहितोय.

सत्यम या हैदराबादच्या आयटी कंपनीची आठवण तुमच्यापैकी ज्येष्ठांना असेलच. २००८ मध्ये त्या कंपनीला कॉर्पोरेट गव्हर्नन्सचं गोल्डन पीकॉक अवॉर्ड मिळालं होतं. बोर्डावर हार्वर्डचे प्रोफेसर, हैदराबादच्या मोठ्या बिझनेस स्कूलचे डीन, एकाहून एक. त्या बोर्डाने १६ डिसेंबर २००८ ला प्रमोटरच्या घरच्याच दोन मायटास कंपन्या १.६ अब्ज डॉलरला घ्यायला मंजुरी दिली, गुंतवणूकदार भडकले म्हणून काही तासांत निर्णय फिरवला, आणि ७ जानेवारी २००९ ला चेअरमन रामलिंग राजूंचं ते कबुलीचं पत्र आलं, ७ हजार कोटींच्या वरचा घोळ, बँकेत नसलेले पैसे वर्षानुवर्षं ताळेबंदात. पण मला त्यातली वेगळी गोष्ट आठवते. १०८ ची ॲम्ब्युलन्स, जी आज आपण महाराष्ट्रातही फोन करून बोलावतो, ती आंध्रात २००५ मध्ये सुरू केली ती याच राजूंनी. खोटं काम नव्हतं ते, खरोखर माणसं वाचली. म्हणजे एकाच माणसाच्या एका हाताने ॲम्ब्युलन्स धावत होती आणि दुसऱ्या हाताने खोट्या एफडीच्या पावत्या बनत होत्या. तेव्हापासून कुठल्याही कंपनीचं सामाजिक काम बघून तिच्या हिशोबाबद्दल मी काहीच अंदाज बांधत नाही. आमची कंपनी काही सत्यम नाही, गैरसमज नको, पुस्तकं स्वच्छ आहेत, फक्त ती ज्या पानावर उघडून तुमच्यासमोर ठेवतात ते पान फोटोचं असतं.

आणि जुने लोक हे सगळं कायद्याशिवाय करत होते, तेही आमच्या याच भागात. टेल्कोचा, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सचा, इथला कारखाना उभा राहिला तेव्हा तिचे प्रमुख सुमंत मुळगावकरांनी माळरानावर झाडं लावली, तळं केलं, पोरांना शिकवायला ट्रेनिंग स्कूल काढलं. माझे वडील लेथवर बसायला लागले त्या काळात मोठ्या कारखान्याचा इंजिनीअर वेंडरच्या शेडमध्ये येऊन फिक्श्चर कसं बांधायचं ते दाखवायचा, असं ते सांगायचे. तेव्हा दोन टक्के नव्हते की कमिटी नव्हती. वडील थोडं रंगवून सांगत असतील, ती पिढी तशीच, पण लेथ खरी आहे, कोपऱ्यात उभी आहे.

तर मागणं काय? फार नाही. पुढच्या ऑडिट कमिटीच्या मीटिंगला सीएफओंना सांगा की देण्याचा तक्ता वर्षात नको, दिवसांत आणा, ४५ च्या आत, ४५ ते ९०, ९० ते १८०, आणि छोट्या उद्योगांचा वेगळा. तो त्यांच्या सिस्टिममध्ये एका बटणावर आहे, माझ्या पोर्टलवर मला माझा दिसतो म्हणजे त्यांना सगळ्यांचा दिसत असणार. सोबत दुसरी यादी मागा, गेटवर माल आलाय, लाइनवर लागलाय, पण जीआरएन उघडा आहे, असे किती आणि किती रुपयांचे. ही यादी मागितली की बघा खोलीत कशी शांतता पसरते. बीआरएसआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या जबाबदारीच्या वार्षिक रिपोर्टमध्ये, देणी सरासरी किती दिवसांत देतो हा आकडा आता द्यावा लागतो, त्यात मोठा स्टील सप्लायर जो ॲडव्हान्स घेतो तो आणि मी एकाच सरासरीत घातलाय का, ते विचारा, मी पैज लावून सांगतो घातलाय. बॅलन्स कन्फर्मेशनमधली व्याजाची ती ओळ काढायला लावा. ट्रेड्सचं व्याज कंपनीने भरावं, तिला परवडतं, तिचा रेट माझ्यापेक्षा कमी. आणि सीएफओंच्या आणि पर्चेस हेडच्या बोनसच्या अटी तुमच्याच नॉमिनेशन आणि रेम्युनरेशन कमिटीतून पास होतात, वरून सुरुवात झाली की त्या पर्चेसच्या पोराचं टार्गेट आपोआप बदलेल.

हे सगळं केल्याने नफा किती कमी होईल हे तुम्ही विचारणार, विचारायलाच पाहिजे. थोडा होईल, एखाददोन तिमाही. पण वेंडर जेव्हा व्याज भरून दमतो तेव्हा तो काय करतो हे पण बघा, इन्सर्ट बदलायच्या वेळी म्हणतो अजून शंभर पीस काढू, गेज कॅलिब्रेशन पुढच्या महिन्यावर ढकलतो, चांगला ऑपरेटर दोन हजार जास्त मिळतात म्हणून चाकणला जातो त्याला जाऊ देतो, आणि पुढच्या कोटेशनमध्ये न बोलता तीन टक्के चढवून ठेवतो. मी पण चढवतो, खोटं कशाला बोलू. माझं ते घासलेलं गेज कुठल्या महिन्यातलं होतं ते नंतर मी डायरीत बघितलं. १३० दिवस बिल थकलं होतं त्या महिन्यातलं.

सीएसआर कमिटीला पण एक सांगायचंय, राग मानू नका. कायदा म्हणतो आपण जिथं काम करतो त्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या. तुमच्या आसपासचा भाग म्हणजे आम्हीच, इंद्रायणीनगर, लांडेवाडी, तळवडे, इथले शेड आणि त्या शेडमधले लोक. पोरांना दप्तर जरूर द्या, पुढच्या वर्षी चेन जरा बऱ्या क्वालिटीची घ्या. फक्त त्या पोरांच्या बापाचा पगार आमच्याकडून जातो आणि आमचा तुमच्याकडून येतो, हे एकदा कार्यक्रमाला जायच्या आधी कुणीतरी जोडून बघा.

माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. कंपनीकडे वेंडरची यादी आहे, त्यातले पाच नंबर तुम्ही स्वतः निवडा, पर्चेसवाल्यांना निवडू देऊ नका, आणि त्यांना सांगू पण नका. फोन गुरुवारी करा. गुरुवारी भोसरीत लाइटची सुट्टी, मशीन बंद असतात, नीट ऐकू येतं.

आपला,
एक वेंडर, दहा शेअरचा मालक
भोसरी, पुणे २६